आबांचं मृत्युपत्र 2009 चं, घर मात्र 2009 चं राहिलेलं नाही. काय करावं?

राजापूरची_लेक

नमस्कार. लिहू की नको असं करत बरेच दिवस गेले. आमचं गाव राजापूर तालुक्यात. वडिलांना आम्ही आबा म्हणतो, ते आता 82 चे आहेत. 2009 साली त्यांनी मृत्युपत्र करून रजिस्टर करून घेतलं. आम्हा चौघा भावंडांना पडवीत बसवून वाचून दाखवलं, ‘आता डोक्यावरचा भार उतरला’ म्हणाले आणि पत्र्याच्या ट्रंकेत ठेवून दिलं. सतरा वर्षं झाली, ते तिथेच आहे.

दादा 2021 च्या मे महिन्यात करोनात गेला. मृत्युपत्रात घराचा पुढचा भाग आणि सड्यावरची, म्हणजे कातळपठारावरची, आंब्याची चाळीस कलमं त्याच्या नावे आहेत. वहिनी आणि दोन मुलं गावातच असतात. आबांची औषधं, आईची गुडघेदुखी, फवारणी, काढणी, पेट्या, सगळं वहिनी बघते. तिचं नाव त्या कागदात कुठेच नाही. रस्त्याकडची जमीन धाकट्या भावाला लिहिली होती, ती बरीचशी महामार्गाच्या चौपदरीकरणात गेली. मोबदल्याचे पैसे आबांच्या नावावर एफडीत आहेत. धाकटी बहीण तेव्हा नुकतंच लग्न होऊन सुखात होती, म्हणून तिला आणि मला प्रत्येकी दोन लाख एवढंच. आज ती घटस्फोटानंतर रत्नागिरीत भाड्याच्या खोलीत राहते. दोन साक्षीदारांपैकी शेजारचे गुरुजी वारले.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. दादाचा वाटा आपोआप त्याच्या मुलांना जाईल का? जुन्या मृत्युपत्राला पुरवणी जोडावी की नवंच करावं? आणि तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड: आबांपुढे विषय काढायचा कसा? मला स्वतःला काही नकोय. पण मी बोलले तर मुलगी हिस्सा मागायला आली असंच वाटेल.

ओटीवरचा_माणूस

ताई, तुमचं शेवटचं वाक्य वाचून वाईट वाटलं. बोला, पण एकट्याने बोलू नका. धाकट्या भावाला आधी विश्वासात घ्या. गणपतीत सगळे गावात असतील, त्यापेक्षा चांगला मुहूर्त नाही.

काळा_कोट_रत्नागिरी

मी दिवाणी वकिली करतो. कागद बघितल्याशिवाय शेवटचं मत देणार नाही, पण तुमच्या प्रश्नांची दिशा सांगतो.

साधारण नियम असा, की ज्याला मालमत्ता लिहून दिली तो करणाऱ्याच्या आधी वारला तर ती देणगी रद्द होते. पण तो करणाऱ्याचा मुलगा, मुलगी किंवा त्यांच्या वंशातला असेल आणि त्याची मुलंबाळं हयात असतील, तर रद्द होत नाही. भारतीय वारसा कायदा 1925, कलम 109. मात्र इथे एक मेख आहे. तो वाटा थेट नातवंडांकडे जात नाही. कायदा असं धरतो की दादा आबांनंतर लगेच वारले. म्हणजे वाटा दादांचा, आणि मग तो दादांच्या वारसांना: बायको, मुलं आणि दादांची आई, म्हणजे तुमची आईसुद्धा. वहिनींना काही मिळेल, पण आबांच्या मनात असेल तेच मिळेल असं नाही.

रस्त्यात गेलेली जमीन: जी वस्तू लिहून दिली ती मृत्यूच्या वेळी मालकीचीच नसेल, तर तेवढी देणगी संपते. तिच्या मोबदल्याचे पैसे सहसा आपोआप धाकट्या भावाकडे वळत नाहीत. ‘उरलेली सर्व मालमत्ता अमक्याला’ असं कलम जुन्या कागदात आहे का ते बघा. नसेल तर ती एफडी सगळ्या वारसांत वाटली जाईल. ज्यांची जमीन गेली त्यांना वाटेल पैसे आपले, बाकीच्यांना वाटेल सगळ्यांचे. माझ्याकडे येणारी अर्धी भांडणं अशीच सुरू होतात.

पुरवणीला मूळ मृत्युपत्राइतकीच औपचारिकता लागते, सही आणि दोन साक्षीदार. एखादा छोटा बदल असता तर पुरवणी चालली असती. तुमच्याकडे माणूस गेला, जमीन गेली, बहिणीची परिस्थिती बदलली, साक्षीदार गेला. नवंच करा. पहिल्याच परिच्छेदात ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे व पुरवण्या मी रद्द करीत आहे’ हे वाक्य हवं.

सुपारीची_बाग

श्रीवर्धनहून. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आमच्या अंगावरून गेलं. अब्बांनी तोंडी सांगून ठेवलं होतं, विहिरीकडच्या पोफळी मोठ्या भावाच्या आणि समुद्राकडचे माड माझे. वादळानंतर विहिरीकडे उभी पोफळ शोधावी लागत होती. भावाच्या वाट्याला नुसती मोकळी जमीन आणि आडवे पडलेले सोट. अब्बांनी आठवडाभरात आम्हाला बसवून पुन्हा वाटणी सांगितली आणि या वेळी कागदावर घेतली.

आमच्यात नियम वेगळा. कर्ज आणि अंत्यविधीचा खर्च वजा करून उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्र चालतं, आणि जो वारस आहेच त्याला त्यातून द्यायचं तर बाकीच्या वारसांची संमती लागते. उरलेलं शरियतप्रमाणे ठरलेल्या हिश्शाने जातं. त्यामुळे आमच्याकडे खरा प्रश्न कुणाला किती हा कमी आणि कुठला तुकडा कुणाला हा जास्त. झाडं, विहीर, वाट.

सातबारा

मी तलाठी म्हणून निवृत्त झालो. आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात अजून तलाठीच. राजापूरच्या ताईंना आणि सगळ्यांनाच एक विनंती. मृत्युपत्र बदलण्याआधी सातबारा काढून समोर ठेवा. आठ-अ, म्हणजे एका खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा, तोही काढा.

कोकणातला सातबारा म्हणजे अर्धा गाव असतो. एका गटावर पंचवीस-तीस नावं, त्यातली निम्मी वारलेली, कुणाची आणेवारी म्हणजे हिस्सा लिहिलेला, कुणाचा नाही. माणूस मृत्युपत्रात लिहितो ‘माझी सड्यावरची जमीन’, आणि कागदोपत्री ती सात जणांची सामाईक असते. जे तुमचं आहे तेवढंच तुम्ही देऊ शकता. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतला फक्त स्वतःचा हिस्सा मृत्युपत्राने देता येतो. 9 सप्टेंबर 2005 च्या दुरुस्तीपासून अशा मालमत्तेत मुलींचा जन्माने हक्क आहे, आणि 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्या तारखेला वडील हयात असण्याचीही अट नाही. आबांकडे जमीन कशी आली, आजोबांकडून वारसाने, खरेदीने की कूळ म्हणून, हे जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलाच्या नोंदी, बघून ठरेल. वडिलोपार्जित या शब्दाचा अर्थ गावात एक आणि कोर्टात दुसरा असतो.

आणि झाडं. आपल्याकडे जमीन एकाची आणि कलमं दुसऱ्याची अशा नोंदी अजून आहेत. ‘चाळीस कलमं’ लिहिताना गट नंबर लिहा, जमिनीसकट की जमिनीशिवाय तेही लिहा, आणि पाणी व वाट कुठून ते लिहा. ही एक ओळ नसल्याने सख्ख्या भावांनी एकमेकांच्या बागेत जायची वाट बंद केलेली मी पंचनाम्याला जाऊन बघितली आहे.

मालवणी_माणूस

आमच्या आज्यान 1998 साली मृत्युपत्र केल्यान. साक्षीदार दोगव तेच्याच वयाचे, एक तर तेच्यापेक्षा म्हातारो. आजो गेलो 2016 ला, तवसर साक्षीदार कधीच गेलेले. चुलत्यान हरकत घेतल्यान, ‘ही सही बापाशीचीच कशावरसून?’ मगे साक्षीदारांची सही वळखणारो माणूस शोधूक आमची दोन वर्सां गेली. एकाच्या झिलाक मुंबयसून हाडलव तेवा काम झाला. म्हणान सांगतंय, साक्षीदार तरणे घेवा.

काळा_कोट_रत्नागिरी

मालवणी_माणूस यांचा अनुभव अगदी बरोबर. मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करायचं तर हयात असलेल्या किमान एका साक्षीदाराची साक्ष लागते. दोघेही नसतील तर हस्ताक्षर सिद्ध करावं लागतं. कागद रजिस्टर आहे म्हणून ही पायरी चुकत नाही.

आणखी एक गैरसमज. रजिस्टर मृत्युपत्र बदलायला रजिस्टरच लागतं असं नाही. शेवटचं, नीट सही-साक्षीचं जे असेल ते खरं, मग ते रजिस्टर असो वा नसो. तरीही पहिलं रजिस्टर असेल तर दुसरंही करा असाच सल्ला मी देतो, म्हणजे नंतर कुणाला शंका घ्यायला जागा राहत नाही. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी फी अगदी नाममात्र. माणूस अंथरुणाला खिळलेला असेल तर दुय्यम निबंधक घरी येऊन नोंदणी करू शकतात, तसा अर्ज द्यावा लागतो. 82 व्या वर्षी डॉक्टरांचं ‘शुद्धीत व समजत आहे’ असं त्याच दिवसाचं प्रमाणपत्र जोडा. कायद्याने सक्ती नाही, पण पुढे फार उपयोगी पडतं.

चाकरमानी_डोंबिवली

माझे वडील गेले तेव्हा मृत्युपत्र नीट होतं, पण नॉमिनी कुणी बदलले नव्हते. बँकेत नॉमिनी माझा काका, कारण खातं उघडलं तेव्हा बाबांचं लग्न झालेलं नव्हतं. बँकेने पैसे काकांना दिले. काका भला माणूस, त्यांनी दुसऱ्या दिवशी आईच्या हातात चेक ठेवला. पण सगळ्यांचे काका असे नसतात.

काळा_कोट_रत्नागिरी

नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेणारा विश्वस्त, मालक नव्हे. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलं. विम्यात 2015 च्या दुरुस्तीनंतर आईवडील, नवराबायको, मुलं नॉमिनी असतील तर वेगळा नियम आहे, तिथे रक्कम त्यांचीच धरली जाते. म्हणून मृत्युपत्र आणि नॉमिनी दोन्ही एकाच दिवशी, एकाच टेबलावर बघा. पीएफचं लग्नाआधीचं नॉमिनेशन लग्नानंतर बाद होतं, हे फार लोकांना माहीत नसतं. बँक खात्याला 1 नोव्हेंबर 2025 पासून चारपर्यंत नॉमिनी देता येतात. राजापूरच्या ताई, मोबदल्याच्या एफडीवर नॉमिनी कोण आहे?

राजापूरची_लेक

आत्ताच धाकट्याला फोन करून विचारलं. एफडीवर नॉमिनी दादाच आहे. आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

हर्णैबंदर

होडीचं पण बघा कुणाकडे असेल तर. आमच्या शेजाऱ्यांचे वडील गेले, बोट त्यांच्या नावावर, मच्छीमार सोसायटीत सभासद तेच. कागद बदलेपर्यंत डिझेलच्या परताव्याचा एक रुपया आला नाही. तो पूर्ण हंगाम गेला.

गवळदेव

सगळ्यांचं वाचलं. माझं मत वेगळं आहे, रागावू नका. 82 वर्षांच्या माणसासमोर सारखा मरणाचा कागद आणायचा नसतो. त्यांचा मुलगा गेलाय. त्या कागदावर त्याचं नाव आहे. ते खोडायला सांगणं म्हणजे बापाला मुलगा परत एकदा पोचवायला लावणं. त्यापेक्षा सगळ्या भावंडांनी मिळून ठरवावं आणि आबांनंतर एकमेकांना हक्कसोडपत्र करून द्यावं.

ओटीवरचा_माणूस

गवळदेव, तुमच्या बोलण्यातली माया कळते. पण ‘नंतर भावंडं करतील’ यावर मी तरी कुणाला विसंबू देणार नाही. आम्ही तिघे भाऊ एका ताटात जेवलेले. आज मधल्याच्या सासरवाडीचा सल्ला चालतो. हक्कसोडपत्राला तीन वर्षं झाली, सही अजून बाकीच आहे.

वाशिष्ठीकाठ

चिपळूण. 22 जुलै 2021.

आमच्या घरात माळ्याला हात लागेल इतकं पाणी आलं. आजीचं मृत्युपत्र लाकडी कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला गाठ मारलेली. दोन दिवसांनी चिखल उपसून कपाट उघडलं तर गाठ जशीच्या तशी होती आणि आत पाणी भरलेलं. बाहेर काढलं तर कागदांचा एक लगदा. निळ्या शाईची आजीची सही पसरून मागच्या पानावर उतरली होती. मोडीसारखं वळणदार नाव लिहायची ती, ते ढगासारखं दिसत होतं. माझे बाबा तो कागद चुलीजवळ वाळवत बसले, एक एक पान सुईने सोडवत.

रजिस्टर होतं म्हणून वाचलो. दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित नक्कल मिळाली. पण नक्कल हातात आली तेव्हा सगळ्यांनी ते मृत्युपत्र पंधरा वर्षांनी पहिल्यांदा वाचलं. त्यात परकाराच्या वाडीतली जागा होती, जी आजीनेच 2014 ला विकली होती. आणि माझ्या आत्याचं नाव नव्हतं, तिच्या लग्नावरून तेव्हा बोलणं बंद होतं म्हणून. नंतर आजी आणि आत्या किती एक झाल्या होत्या! शेवटची चार वर्षं आजी आत्याकडेच होती. कुणीच कागद बदलला नाही, कारण तो आहे हेच विसरलो होतो. आजी तेव्हा हयात होती, 88 ची. बाबांनी नक्कल तिला वाचून दाखवली. ती एवढंच म्हणाली, ‘हे मी लिहिलंय? तिचं नाव कुठाय?’ पंधरा दिवसांत नवीन केलं.

गवळदेव, तुमच्यासाठी हे लिहिलं. म्हातारी माणसं मरणाच्या कागदाला घाबरत नाहीत. त्या कागदात आपल्याच तोंडचं जुनं भांडण राहून गेलं तर त्याचं त्यांना जास्त वाईट वाटतं.

गवळदेव

वाशिष्ठीकाठ, पटलं. मी असा विचार केला नव्हता.

पेडण्याचा_पाव्हणा

गोव्यात हा घोळ निम्मा आहे. आमच्याकडे 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून मुलांना वारसाहक्कातून मनाला येईल तसं वगळता येत नाही. आता 2012 चा गोव्याचा स्वतःचा वारसा कायदा आहे, तत्त्व तेच: मुलं किंवा आईवडील असतील तर आपल्या मालमत्तेच्या फक्त अर्ध्या भागाचंच मृत्युपत्र मनाप्रमाणे करता येतं. सावंतवाडीकडच्या माझ्या मामांना हे सांगितलं की ते म्हणतात आम्हालाही असंच हवं होतं.

वसईवाला

वसईतल्या आणि एकूणच ख्रिस्ती वाचकांसाठी, कारण वर कुणी सांगितलं नाही. आपल्याला भारतीय वारसा कायद्याचं कलम 69 लागू आहे. लग्न झालं की आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द. दुसरं लग्न असलं तरी. माझ्या काकांनी पत्नी गेल्यावर वाडी दोन मुलींना लिहून ठेवली, दोन वर्षांनी पुन्हा लग्न केलं, कागद तसाच. तो कागद लग्नाच्याच दिवशी संपला होता हे त्यांच्या मयतीनंतर कळलं. हिंदूंना ही तरतूद लागू नाही असं आमच्या वकिलांनी सांगितलं.

शिवाय साक्षीदाराला किंवा त्याच्या नवऱ्या-बायकोला त्याच मृत्युपत्राने काही दिलेलं असेल तर ती देणगी आपल्यात बाद होते.

काळा_कोट_रत्नागिरी

दोन्ही बरोबर. हिंदूंना ही दोन्ही कलमं लागू नाहीत. पण लाभ मिळणाऱ्याला साक्षीदार करू नका हे मी सगळ्यांनाच सांगतो, संशयाला तेवढंच निमित्त पुरतं.

आमराईतला

एवढी कटकट कशाला? जिवंतपणीच बक्षीसपत्र करून टाकायचं. राहतं घर आणि शेतजमीन मुलांना, नातवंडांना द्यायला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कही फार लागत नाही. बदलायचं काम नाही आणि नंतर कोर्ट नाही.

माजघर

आमराईतला, माझ्या सासूबाईंनी हेच केलं. बक्षीसपत्र झालं त्या महिन्यापासून त्या स्वतःच्या घरात पाहुण्या झाल्या. कुणी वाईट वागलं असं नाही. फक्त पडवीचं छप्पर बदलायचं, विहिरीला पंप बसवायचा, हे ठरवताना त्यांना कुणी विचारेनासं झालं. मृत्युपत्र माणूस जिवंत असेपर्यंत कधीही बदलता येतं. बक्षीसपत्र एकदा दिलं की दिलं. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यात कलम 23 आहे, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता अट मोडल्यास परत मागता येते. पण ती अट कागदात असायला हवी, आणि कुठली आई मुलाविरुद्ध अर्ज करते?

मी खरं तर दुसरंच लिहायला आले होते. मी धाग्यातल्या वहिनीच्या जागी आहे. नवरा 2018 मध्ये गेला. सासऱ्यांनी काही कागद केलेला नव्हता, त्यामुळे माझं नाव वारसात लागलं. मुलाच्या विधवेला कायदा पहिल्या वर्गाच्या वारसांत धरतो, मुलांबरोबर नवऱ्याचा वाटा मिळतो. म्हणजे मृत्युपत्र नसतं तर वहिनीचं नाव थेट लागलं असतं. आहे, आणि जुनं आहे, म्हणून तिची ही अडचण. ती स्वतः कधीच बोलणार नाही. मीही बोलले नसते. मागणं जाऊ दे, कागदात काय आहे ते बघायचंही धाडस होत नाही. ताई, तिच्यासाठी तुम्हीच बोलायला हवं.

राजापूरची_लेक

माजघर, तुमचं वाचून बराच वेळ फोन बाजूला ठेवला. हो, बोलते.

सातबारा

तुम्ही बोलाल तेव्हा एक युक्ती. वाटणीपासून सुरुवात करू नका. ‘आबा, सातबारा आणि तुमचा कागद जुळतो का बघूया’ असं म्हणा. शेतकऱ्याला सातबारा वाचायला आवडतो. बाकीचं त्यांचं त्यांनाच दिसेल.

चाकरमानी_डोंबिवली

मी आणखी एक केलं. आधी स्वतःचं मृत्युपत्र केलं, 46 व्या वर्षी, आणि आईला दाखवलं. ‘मी केलंय, तुझं बघू’ म्हटल्यावर आईला अवघड वाटलं नाही.

देवघर

एक शंका. आमच्या मूळ घरात गणपती येतो, चार बिऱ्हाडं जमतात. वडिलांना लिहायचंय की घर माझ्या नावे, पण ‘देवघर असलेला भाग कधीही विकू नये’. चालेल का?

काळा_कोट_रत्नागिरी

पूर्ण मालकी देऊन वर ‘विकायचं नाही’ अशी कायमची अट घातली तर ती टिकत नाही. तशीच चूक बायकोच्या बाबतीत होते. ‘घर पत्नीस मालकी हक्काने, तिच्यानंतर मुलास’ असं लिहितात. मालकी दिली की पुढचं वाक्य वादात सापडतं. पत्नीला हयातभर राहण्याचा व उपभोगाचा हक्क द्यायचाय की मालकी, ते स्पष्ट एकच लिहा. राजापूरच्या ताई, आई आणि वहिनी दोघींच्या बाबतीत हे बघा.

राजापूरची_लेक

धागा वर आणतेय, गणपती झाले. कळवायचं राहिलं होतं.

गौरी-गणपतीचं विसर्जन होऊन पाहुणे गेल्यावर, दुसऱ्या दिवशी दुपारी, मी आणि धाकटा पडवीत बसलो. सातबारा काकांनी सांगितलं तसंच केलं. आदल्या आठवड्यात काढलेले उतारे आबांपुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावला, वर भिंग धरलं आणि गट नंबर वाचू लागले. रस्त्याकडच्या गटाचं क्षेत्र कमी झालेलं दिसलं तेव्हा स्वतःच म्हणाले, ‘ट्रंकेतला कागद आण.’

तो त्यांनी मोठ्याने वाचला. दादाच्या नावाशी थांबले. आम्ही कुणी काही बोललो नाही. मग त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवूनच विचारलं, ‘ही कलमं आता कोण बघतं?’ धाकटा म्हणाला, ‘वहिनी.’ आबा म्हणाले, ‘मग लिहिलेलं चुकीचं आहे.’

वकिलांकडे दोनदा गेलो. सड्याची जमीन आबांच्या खरेदीची निघाली, त्यामुळे ती पूर्ण त्यांच्या मर्जीची. घराखालची जागा आजोबांकडून आलेली आहे, त्यात आमचे सगळ्यांचे हिस्से आहेत का हा प्रश्न निघाला. त्यावर वकिलांनी ‘माझा जो काही हिस्सा असेल तो’ अशी शब्दरचना केली. कलमं जमिनीसकट, गट नंबर घालून, खालच्या विहिरीचं पाणी आणि बैलगाडीची वाट धरून वहिनीला आणि दोन्ही मुलांना. एफडीतला अर्धा भाग धाकट्या बहिणीला, अर्धा भावाला. हे भावानेच सुचवलं, मला ते इथे मुद्दाम लिहायचंय. आईला पूर्ण घरात हयातभर राहण्याचा हक्क. एफडीवरचा नॉमिनी बदलला. साक्षीदार घेतले गावचे दोन शिक्षक, दोघेही पस्तिशीतले.

नोंदणीच्या दिवशी आबांचा अंगठा मशिनवर उमटेना. आयुष्यभर कोयता धरलेला हात, रेषाच राहिल्या नाहीत. तिथल्या मुलीने ओल्या रुमालाने एक एक बोट पुसून दिलं. चौथ्या वेळी मधलं बोट लागलं.

घरी आल्यावर आबांनी वहिनीला पडवीत बोलावून तिचं नाव असलेला परिच्छेद वाचून दाखवला. ती म्हणाली, ‘परत एकदा वाचा.’ त्यांनी परत वाचला. मग ती पदराने डोळे पुसत आत गेली आणि थोड्या वेळाने सगळ्यांसाठी चहा घेऊन आली, आबांचा बिनसाखरेचा वेगळा.